वाचक विचारतात : प्रार्थनेतून उठवलेल्या माणसांचे चर्च

गेल्या अंकात अमेरिकेतील गुलामगिरीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी फिलाडेल्फियाच्या सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्चचा उल्लेख केवळ एका वाक्यात केला होता. हे चर्च १७९४ साली मुक्त कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारले, एवढेच मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर सात वाचकांनी पत्रे पाठवली आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून या वेळचे सदर मी त्याच विषयाला देत आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. फिलाडेल्फियात पाचव्या रस्त्यावरून जाताना या चर्चची स्मृती सांगणारी पाटी पाहिली. ‘एपिस्कोपल’ म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या सी.एन.आय. चर्चशी त्याचे काही नाते आहे का? आणि हे चर्च स्थापन करणारे अबसालोम जोन्स कोण होते?

उत्तर : ‘एपिस्कोपोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द येतो आणि बोलताना आपण बिशप म्हणतो. ज्या चर्चचा कारभार बिशपांच्या देखरेखीखाली चालतो ते एपिस्कोपल. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी तेथे हाच पंथ ‘चर्च ऑफ इंग्लंड’ या नावाने होता. त्याच्या धर्मगुरूंना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, त्यामुळे स्वातंत्र्ययुद्धानंतर या पंथापुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. सॅम्युएल सीबरी यांना १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जाऊन बिशपपदाची दीक्षा घ्यावी लागली, कारण इंग्लंडमध्ये ती राजनिष्ठेच्या शपथेवाचून मिळत नव्हती. १७८७ मध्ये इंग्लंडचा कायदा बदलल्यावर फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट आणि न्यू यॉर्कचे सॅम्युएल प्रोवूस्ट यांना लंडनमध्ये दीक्षा मिळाली. १७८९ मध्ये फिलाडेल्फियातच अमेरिकी एपिस्कोपल चर्चची घटना आणि स्वतंत्र प्रार्थनापुस्तक मंजूर झाले. सेंट थॉमसची मंडळी या पंथात आली तेव्हा तो पंथच नव्या रूपात जेमतेम पाच वर्षांचा होता, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

सी.एन.आय.शी नाते निश्चित आहे. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत १८३७ मध्ये स्थापन झाला आणि १९७० मध्ये अँग्लिकन व इतर काही पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. अमेरिकेचे एपिस्कोपल चर्च आणि सी.एन.आय. हे दोन्ही आज जागतिक अँग्लिकन कुटुंबाचे घटक आहेत.

आता अबसालोम जोन्स यांच्याविषयी. त्यांचा जन्म १७४६ मध्ये डेलावेअरमधील ससेक्स परगण्यात गुलामगिरीत झाला. घरी येणारे पाहुणे लहानग्याच्या हातावर अधूनमधून एखादे नाणे ठेवत. ती नाणी साठवून त्यांनी अंकलिपी विकत घेतली, पुढे एक नवा करारही घेतला आणि जो कोणी शिकवील त्याच्याकडून अक्षरे शिकून घेतली. १७६२ मध्ये मालकाने त्यांची आई, पाच भाऊ आणि एक बहीण यांना विकून टाकले आणि सोळा वर्षांच्या अबसालोमला सोबत घेऊन तो फिलाडेल्फियाला आला. तेथे दिवसभर मालकाच्या दुकानात काम आणि रात्री शाळा असा त्यांचा क्रम होता.

१७७० मध्ये त्यांचे मेरी नावाच्या गुलाम स्त्रीशी लग्न झाले. त्यानंतर त्यांनी केलेली एक गोष्ट मला त्यांच्या साऱ्या चरित्राची किल्ली वाटते. कर्ज काढून, देणग्या मागून आणि रात्री उशिरापर्यंत राबून त्यांनी आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले. तिथल्या कायद्यानुसार मूल आईच्या स्थितीला जात असे. आई मुक्त असेल तर मूल मुक्त, आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. स्वतःची मुक्तता त्यांना १७८४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मिळाली, कारण मालक पुष्कळ वर्षे त्यासाठी राजीच होत नव्हता. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, याचा असा पक्का हिशेब डोक्यात असलेला हा माणूस पुढे एका चर्चचा पाया घालणार होता.

प्रश्न : सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना गॅलरीत बसण्यास सांगितले, तेव्हा रागाने बाहेर पडून त्यांनी हे चर्च काढले, असे मी ऐकले आहे. ते बरोबर आहे का? (अहिल्यानगरच्या एक शिक्षिका)

उत्तर : प्रसंग घडला हे खरे आहे, मात्र चर्च त्या प्रसंगातून जन्मले असे म्हणणे मला अपुरे वाटते.

आधी प्रसंग सांगतो. तो रिचर्ड ॲलन यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. ॲलन हेही गुलामगिरीतून स्वतःला सोडवून घेतलेले, मेथडिस्ट म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधूनच निघालेल्या एका पंथाचे उपदेशक आणि जोन्स यांचे जवळचे सहकारी होते. सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्यांच्या उपदेशामुळे कृष्णवर्णीय उपासकांची संख्या वाढत चालली होती. जागा अपुरी पडू लागल्यावर वरच्या मजल्यावर नवी गॅलरी बांधण्याचे आणि पायाखालची जमीन नव्याने करण्याचे काम निघाले, आणि ॲलन मुद्दाम नोंदवतात की त्या कामाला कृष्णवर्णीय सभासदांनीही भरघोस वर्गणी दिली होती. एका रविवारी ते आले तेव्हा दारातच त्यांना वर जाण्यास सांगण्यात आले. ते वर गेले आणि खाली आपण पूर्वी बसत होतो त्या जागांच्या वरच्या बाजूस जागा धरून गुडघे टेकणार, तोच प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळाने आवाज आला म्हणून ॲलन यांनी मान वर केली. एक विश्वस्त अबसालोम जोन्स यांना धरून गुडघ्यांवरून ओढून उठवत होता : येथे गुडघे टेकायचे नाहीत, उठा. जोन्स म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तो म्हणाला, नाही, आत्ताच्या आत्ता उठा, नाहीतर माणसे बोलावून बाहेर काढीन. जोन्स पुन्हा म्हणाले, प्रार्थना होऊ द्या, मग मी उठेन आणि तुम्हाला अधिक त्रास देणार नाही. तेवढ्यात दुसरा विश्वस्त आणखी एका सभासदाला ओढू लागला. प्रार्थना संपली आणि ही सारी मंडळी एकजुटीने उठून चर्चबाहेर पडली.

ॲलन यांच्या लिखाणात या घटनेचे साल १७८७ आहे. परंतु चर्चच्या बांधकामाच्या नोंदी तपासलेले इतिहासकार, गॅलरी नंतर बांधली गेली म्हणून, ती १७९२ च्या सुमारास घडली असावी असे मानतात. हा वाद केवळ तारखेचा नाही. दुसरे मत ग्राह्य धरले, आणि मला ते अधिक सबळ वाटते, तर आपल्या स्वतःच्या चर्चची तयारी या माणसांनी अपमान होण्याच्या आधीच सुरू केली होती असे ठरते.

ती तयारी म्हणजे ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’. १२ एप्रिल १७८७ रोजी जोन्स, ॲलन आणि त्यांचे काही सोबती यांनी ही परस्परसाहाय्याची संस्था स्थापन केली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. त्यामुळे शहरात मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती, पण आजारपण, वैधव्य किंवा मरण ओढवले तर त्यांना कोणाचाही आधार नव्हता. सोसायटीच्या नियमानुसार प्रत्येक सभासदाने दरमहा चांदीचा एक शिलिंग भरायचा. वर्षभरानंतर, ज्याच्यावर त्याच्या स्वतःच्या बेपर्वाईवाचून अडचण आली असेल त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत. विधवांना आधार आणि अनाथ मुलांना शाळा किंवा एखाद्या कारागिराकडे उमेदवारी मिळवून देणे हेही नियमांत होते. दारूबाजाला सभासदत्व नव्हते. आपल्याकडे भिशी चालवणारी माणसे जशी एकमेकांना वर्षानुवर्षे पारखून ओळखतात, तशी ही माणसे त्या एका शिलिंगाच्या निमित्ताने महिन्यामागून महिने एकत्र येत राहिली. माझे मत असे की मंडळी तेथे घडली. गॅलरीतल्या त्या सकाळी सगळे एकत्र उठले ते एकमेकांशी आधीच बांधले गेले होते म्हणून.

प्रश्न : मुळात गरीब असलेल्या या लोकांनी जागा आणि इमारतीसाठी पैसे कोठून आणले? (पुणे)

उत्तर : वर्गणी आणि कर्ज यांतून. १७९१ मध्ये प्रसिद्ध डॉक्टर आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेले बेंजामिन रश यांनी या मंडळींना चर्चच्या नियमांचा मसुदा करून दिला. मग जोन्स आणि ॲलन वर्गणीची यादी हातात घेऊन दारोदार फिरले. पहिल्याच दिवशी ३६० डॉलर जमले आणि पुढे एका दिवसात एवढी रक्कम पुन्हा कधी जमली नाही, असे ॲलन यांनी लिहिले आहे. मेथडिस्ट वडीलधाऱ्यांनी त्यांना यादी परत घ्या, नाहीतर सभासदत्वातून काढून टाकू असे बजावले होते. त्यांनी यादी परत घेतली नाही. पाचव्या रस्त्यावर, वॉलनट रस्त्याच्या थोडे खाली, जागा घेण्यात आली आणि पायाची पहिली कुदळ ॲलन यांनी मारली. वर्गणी अपुरी पडली तेव्हा जॉन निकल्सन या धनाढ्य गृहस्थाने कर्ज दिले.

ऑगस्ट १७९३ मध्ये छप्पर चढले, त्या दिवसाचे वर्णन रश यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात आहे आणि ते वाचताना पंगत डोळ्यांपुढे उभी राहते. शहरापासून मैलभर अंतरावर मोठ्या झाडांच्या सावलीत जेवण होते. पहिल्या पंगतीला सुतार आणि इतर गोरे मिळून सुमारे शंभर जण बसले आणि कृष्णवर्णीयांनी त्यांना वाढले. रश यांनी उभे राहून दोन शुभेच्छा दिल्या. त्यांतली दुसरी अशी की, आफ्रिकी लोकांच्या दास्याच्या जागी सर्वत्र लवकरच आफ्रिकी चर्चे उभी राहोत. मग पहिली पंगत उठली आणि त्याच टेबलांवर सुमारे पन्नास कृष्णवर्णीय बसले. या दुसऱ्या पंगतीला वाढायला गोऱ्यांतील प्रतिष्ठित माणसे उभी राहिली. १७९३ साली, ज्या देशाच्या राज्यघटनेत गुलामाची गणती तीन पंचमांश माणूस अशी केली जात होती, त्या देशात हे घडले. एकाच पंगतीला सगळे बसले नाहीत हेही तितकेच खरे आहे, आणि मी ते झाकू इच्छित नाही.

प्रश्न : मी मिरजेची निवृत्त परिचारिका आहे. चर्चचे काम चालू असतानाच शहरात पीतज्वराची साथ आली आणि याच मंडळींनी रुग्णांची शुश्रूषा केली, असे वाचले. त्याविषयी सविस्तर लिहावे.

उत्तर : आपल्या प्रश्नासाठी मी सर्वांत अधिक जागा राखून ठेवली होती.

छप्पर चढून काही दिवस होतात न होतात तोच साथीने शहर घेरले. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासह सरकार शहर सोडून गेले आणि ज्यांना शक्य होते ते हजारो नागरिकही गेले. नोव्हेंबरात थंडी पडून साथ ओसरेपर्यंत सुमारे ५,००० माणसे दगावली. हे प्रमाण शहराच्या वस्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास जाते. हा रोग डासामार्फत पसरतो हे कळायला अजून शंभरहून अधिक वर्षे होती.

डॉ. रश यांची समजूत अशी होती की आफ्रिकी वंशाच्या माणसांना हा ज्वर होत नाही. त्या भरवशावर त्यांनी मदतीचे आवाहन केले. जोन्स, ॲलन आणि सोसायटीच्या सभासदांनी विचार करून ते स्वीकारले आणि दोघे कामाला निघाले. त्यांचे पहिले घर एम्स्ली गल्लीत होते. आत पुरुष शेवटच्या घटका मोजत होता, बायको घरातच मरून पडली होती आणि पाहायला दोन असहाय मुलांखेरीज कोणी नव्हते. शक्य तेवढी मदत करून त्यांनी गरिबांच्या व्यवस्थेवर नेमलेल्या अधिकाऱ्यांना बाईच्या दफनाची विनंती केली आणि पुढच्या घरी गेले. त्या एका दिवसात ते वीसहून अधिक घरांत गेले. मग त्यांनी महापौर मॅथ्यू क्लार्कसन यांची भेट घेतली आणि परिचारकांची व दफनाची व्यवस्था आपल्याकडे घेतली. डॉक्टर कमी पडू लागले तेव्हा रश यांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी आठशेहून अधिक रुग्णांचे रक्तही काढले. रक्त काढणे हा तेव्हाचा मान्य उपचार होता. तो हितकर नव्हता हे आपण जाणताच. पण त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी केले. रश यांची समजूत चुकीची ठरली. कृष्णवर्णीयांतही शेकडो माणसे दगावली आणि स्वतः ॲलन आजारी पडून कसेबसे वाचले.

यानंतर जे झाले ते अधिक वेदनादायक आहे. मॅथ्यू केरी या प्रकाशकाने साथीचा वृत्तान्त छापला. त्यात जोन्स आणि ॲलन यांची नावे घेऊन स्तुती केली, मात्र इतर कृष्णवर्णीय परिचारकांवर अवाच्या सव्वा पैसे उकळल्याचा आणि काहींवर चोरीचा ठपका ठेवला. दोघांना आपल्या वाट्याची स्तुती घेऊन गप्प बसता आले असते. त्यांनी जानेवारी १७९४ मध्ये स्वतःचा वृत्तान्त छापून उत्तर दिले. आपली नावे वगळून बाकीच्यांवर संशयाचे सावट राहणे त्यांना मान्य नव्हते. परिचारकांचे दर चढले ते घाबरलेल्या नातेवाइकांनी एकमेकांवर चढती बोली लावल्यामुळे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. अर्धा डॉलर रोजावर शुश्रूषा करणाऱ्या आणि काहीही न घेता घरोघर फिरणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची नावे त्यांनी नोंदवली.

आणि त्यांनी हिशेब मांडला. तो जसाच्या तसा देण्याजोगा आहे. दफन आणि रोग्यांची अंथरुणे पुरणे यांबद्दल मिळालेली एकूण रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्यांवर खर्च, ज्याचे काहीच मिळाले नाही, ३३ पौंड. पाच मजुरांची मजुरी, तिघांची प्रत्येकी ७० दिवसांची आणि दोघांची प्रत्येकी ६३ दिवसांची, रोज साडेबावीस शिलिंगप्रमाणे, ३७८ पौंड. एकूण खर्च ४११ पौंड. म्हणजे पदरमोड १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. मी हा हिशेब कागदावर करून पाहिला, पेन्सपर्यंत जुळतो. ज्यांच्या समाजावर चोरीचा आरोप होता त्यांनी उत्तरादाखल जमाखर्च पुढे ठेवला आणि सोबत महापौरांचे प्रमाणपत्र छापले. चर्चची इमारत अर्धी उभी असताना, कर्ज डोक्यावर असताना केलेली ही पदरमोड आहे.

प्रश्न : जोन्स आणि ॲलन दोघेही मेथडिस्ट होते. मग चर्च एपिस्कोपल कसे झाले? आणि त्या पंथात तरी त्यांना समान हक्क मिळाले का? (सोलापूर)

उत्तर : साथ ओसरल्यावर इमारत पूर्ण झाली. कोणत्या पंथात जायचे यावर मत घेतले गेले तेव्हा मेथडिस्ट पंथाच्या बाजूने फक्त दोन मते पडली : ॲलन यांचे आणि जोन्स यांचे. बाकी मोठे बहुमत एपिस्कोपल पंथाकडे गेले. मेथडिस्टांनी दिलेली वागणूक बहुसंख्य सभासद विसरले नव्हते. पुरोहितपद प्रथम ॲलन यांना देऊ केले गेले. आपल्या समाजाला मेथडिस्टांचा साधा, सरळ उपदेशच मानवतो अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून त्यांनी नकार दिला. त्यांनी सहाव्या रस्त्यावरच्या आपल्या जागेवर लोहाराचे एक जुने दुकान घोड्यांनी ओढून आणवले आणि त्याचे प्रार्थनामंदिर केले. तेच बेथेल. पुढे १८१६ मध्ये त्यातून ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल’ हा स्वतंत्र पंथ निघाला आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. दोघांची मैत्री मात्र तुटली नाही. पीतज्वराच्या आरोपांना एकत्र उत्तर देणाऱ्या या जोडीने पुढेही समाजाची कामे खांद्याला खांदा लावून केली.

जोन्स यांनी बहुमत मानले. पाचव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये १७ जुलै १७९४ रोजी पहिली उपासना झाली आणि ऑगस्टमध्ये मंडळीने एपिस्कोपल पंथात जाण्याचा ठराव केला. या ठरावाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण ही माणसे आश्रय मागायला गेली नव्हती. त्यांनी तीन अटी घातल्या. आम्हाला एक संघटित मंडळी म्हणून स्वीकारावे. आमच्या स्थानिक कारभाराचा ताबा कायम आमच्याकडे राहावा. आणि अबसालोम जोन्स यांना उपासना चालवण्याचा परवाना द्यावा व ते पात्र ठरल्यास त्यांना दीक्षा द्यावी. चर्चच्या घटनेत त्यांनी असेही लिहून ठेवले की धर्मगुरू आणि त्याचा सहायक ही पदे सोडून इतर कोणत्याही पदासाठी मत देण्याचा किंवा निवडून येण्याचा अधिकार फक्त आफ्रिकी वंशाच्या पुरुषांनाच राहील. ज्यांनी गॅलरीच्या बांधकामाला वर्गणी देऊन तिच्यावरचा हक्क गमावला होता, त्यांनी या वेळी कारभाराचा हक्क आधी कागदावर पक्का केला आणि मग पाऊल उचलले. बिशप व्हाइट यांनी अटी मान्य केल्या.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर दुःखद आहे. १७९५ मध्ये जोन्स यांना डिकन (पुरोहितपदाच्या आधीची पायरी) म्हणून दीक्षा देण्यासाठी धर्मप्रांताच्या अधिवेशनाने त्यांच्यापुरती ग्रीक व लॅटिनच्या ज्ञानाची अट शिथिल केली. पण त्याच वेळी असेही ठरवले की या मंडळीला धर्मप्रांताच्या अधिवेशनात आपला धर्मगुरू किंवा प्रतिनिधी पाठवता येणार नाही. म्हणजे बिशपाची देखरेख मान्य करायची, पण बिशप निवडणाऱ्या सभेत बसायचे नाही. काही वर्षांनी जोन्स यांना पूर्ण पुरोहितपद मिळाले आणि ते एपिस्कोपल पंथातील पहिले कृष्णवर्णीय पुरोहित झाले, तरी ही बंदी उठली नाही. ती उठायला १८६० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशात यादवी युद्ध पेटले होते आणि जोन्स यांना जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. सत्तर वर्षांच्या आसपास चाललेल्या या अन्यायाचे समर्थन कोणत्याही धर्मशास्त्रात सापडणार नाही.

असे असूनही मंडळी वाढली. पहिल्या काही वर्षांतच सभासद शेकड्यांत मोजावे लागले. परस्परसाहाय्याची मंडळे निघाली, शाळा निघाली. शिडे बनवण्याच्या धंद्यात नाव आणि पैसा मिळवलेले जेम्स फोर्टन यांच्यासारखे नागरिक चर्चच्या कारभारी मंडळात बसू लागले. माझ्या समजुतीप्रमाणे वाढीचे कारण तीच दुसरी अट होती : दार उघडण्याची आणि बंद करण्याची किल्ली त्यांच्या स्वतःच्या हाती होती. १७९९ च्या अखेरीस फिलाडेल्फियातील सत्तरहून अधिक मुक्त कृष्णवर्णीयांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज केला. गुलामांचा व्यापार आणि पळालेल्या गुलामांना पकडण्याचा १७९३ चा कायदा यांचा विचार व्हावा अशी त्यांची मागणी होती. त्या अर्जावरही जोन्स यांची सही आहे. सभागृहाने ८५ विरुद्ध १ मतांनी त्याला प्रतिकूल निर्णय दिला. ते एक मत मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज थॅचर यांचे होते.

प्रश्न : महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत जोन्स यांच्यासारख्यांचाही समावेश मानावा का? (सातारा)

उत्तर : १८७३ च्या त्या अर्पणपत्रिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवणाऱ्या अमेरिकेतील लोकांचा गौरव आहे. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर तो गौरव गुलामांना मुक्त करणाऱ्यांचा, म्हणजे मुख्यतः गोऱ्या सुधारकांचा आहे. तथापि मुक्तीचे काम गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांनीही ऐंशी-नव्वद वर्षे आधीपासून चालवले होते. १ जानेवारी १८०८ रोजी, परदेशातून गुलाम आणण्यावरची बंदी अमलात आली त्या दिवशी, जोन्स यांनी सेंट थॉमसमध्ये आभारप्रदर्शनाचा उपदेश केला. त्यासाठी त्यांनी बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील वचन घेतले होते, ज्यात देव मिसरमधील आपल्या लोकांची विपत्ती पाहिल्याचे आणि त्यांचा आक्रोश ऐकल्याचे सांगतो. दरवर्षी हा दिवस पाळावा आणि मुलांना त्याचे कारण सांगावे, असे त्यांनी सुचवले. आपल्या शोषणाचा इतिहास आपणच मुलांना सांगायचा, ही दृष्टी जोतीरावांना जवळची वाटली असती, असे मला वाटते.

प्रश्न : चर्चच्या भिंतीवर बायबलमधील एक वचन कोरले होते म्हणतात. कोणते? आणि ती इमारत आज आहे का? (वसई)

उत्तर : पाचव्या रस्त्यावरची ती इमारत आता नाही. मंडळीने पुढे अनेकदा जागा बदलली आणि आज ती फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक भागात आहे. जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ रोजी वारले. एपिस्कोपल चर्च त्या तारखेला त्यांचा स्मृतिदिन पाळते आणि त्यांची रक्षा ओव्हरब्रुकच्या चर्चमध्ये जतन केलेली आहे.

वचन यशयाच्या नवव्या अध्यायातले होते : ‘अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे.’ पहिल्या उपासनेच्या दिवशी सॅम्युएल मगॉ या गोऱ्या धर्मगुरूंनी याच वचनावर उपदेश केला. त्यांच्या सांगण्याचा रोख असा होता की अंधार या लोकांचा आणि त्यांच्या पूर्वजांचा होता, म्हणून आता त्यांनी उपकारकर्त्यांविषयी कृतज्ञ आणि नम्र राहावे. मंडळीने ते ऐकून घेतले. महिनाभरात तिने चर्च स्थापनेची आपली कारणे लेखी मांडली, आणि त्यांत अंधाराचा अर्थ वेगळा आहे. आम्ही धुळीतून उठावे, अंग झटकावे आणि जुलूम व दास्य यांच्या सवयीने आमच्यात मुरवलेले भय टाकून द्यावे, असे तिने लिहिले.